आशालताबाईंची सत्यवती

चित्रपटनटीच्या कारकिर्दीचा विचार करताना चित्रपटांची संख्या प्रथम सांगण्याची रीत आपल्याकडे पडून गेली आहे. आशालता वाबगावकर यांच्याविषयीही तसेच झाले. मराठी व हिंदी मिळून शंभरांहून अधिक चित्रपट, पुढे दूरचित्रवाणीवरील मालिका, आणि या सर्वांत बहुतकरून आई, सासू किंवा थोरली जाऊ. एवढे सांगितले म्हणजे या गोमंतकीय अभिनेत्रीचे चरित्र पुरे झाले, असे मानण्यात येते. आम्हांस हा हिशेब मान्य नाही. रंगभूमीवरून पडद्याकडे जाणे म्हणजे वर चढणे, असे त्यात गृहीत धरलेले आहे. वस्तुतः त्या वाटेवर बाईंचा सर्वांत मोलाचा गुण मागे राहिला.

तो गुण पारखण्याचे एक साधन आमच्या पेडणे-डिचोलीकडच्या प्रेक्षकाजवळ आहे. पेडण्याचा प्रेक्षक दशावतारावर वाढलेला. तेथे स्त्रीभूमिका पुरुषच करतात आणि संवाद लिहिलेला नसतो; प्रसंग ठरला की नटाने तेथल्या तेथे बोलावयाचे आणि बोलता बोलता पदात शिरावयाचे. डिचोलीकडे देवळांच्या उत्सवांतून होणारी नाटके लिखित असली, तरी ऐकणाऱ्याचा कान तोच. राणी रुसली तर ती दिसते कशी यापेक्षा बोलते काय आणि कोणत्या स्वरात, हे आधी पाहिले जाते. विद्वान मंडळी या परीक्षेस ग्रामीण म्हणून हसतील. हसोत बापडी!

या परीक्षेस सत्यवती पुरेपूर उतरते. वसंत कानेटकरांचे ‘मत्स्यगंधा’ दि गोवा हिंदु असोसिएशनने १९६४ साली रंगभूमीवर आणले. गोवा मुक्त होऊन तेव्हा तीन वर्षेही झाली नव्हती. संगीत मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींचे आणि पराशराच्या भूमिकेत रामदास कामत, म्हणजे स्वरांची बाजू पुष्कळशी गोमंतकीयच. जुन्या संगीत नाटकात पद सुरू झाले की नाटक थांबत असे; श्रोते ‘वन्समोअर’ देत आणि कथानक बिचारे विंगेत तिष्ठत राही. अभिषेकींनी पदे आटोपशीर केली. अशा पदाला केवळ गवई चालत नाही. ज्या आवाजात वाक्य संपले त्याच आवाजात पद उचलणारी नटी लागते. आशालताबाई हिराबाई बडोदेकरांच्या तोडीच्या गायिका नव्हत्या, आणि येथे ते उणे ठरले नाही. धीवरकन्येपासून हस्तिनापूरच्या राजमातेपर्यंतचा प्रवास, फसविली गेलेली मुलगी सत्तेसाठी कठोर होते तो पालट, हे सारे त्यांच्या स्वरात होते. ध्वनिमुद्रिकांनी ती पदे घरोघरी नेली. मात्र अलीकडचे वाक्य गळाले आणि पद सुटे झाले. आमचे विद्यार्थी ते भावगीत म्हणून ऐकतात. सत्यवती कोण, हे त्यांना सांगावे लागते. बाईंनी स्वतः आठवणींच्या पुस्तकास ‘गर्द सभोवती’ हे नाव दिले, ते सत्यवतीच्याच पदातले आहे.

चित्रपटात आवाज आणि चेहरा यांची फारकत होते. नायिका ओठ हलविते, गाते दुसरीच. आणि चरित्र-अभिनेत्रीच्या वाट्याला गाणे येतच नाही. जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ (१९८२) पाहावा. स्मिता पाटील यांच्या सुलभेसाठी लताबाई गातात, आणि रंगभूमीवर स्वतः गाणारी अभिनेत्री त्याच चित्रपटात सुलभेच्या मुलीला सांभाळणारी जाऊ होऊन वावरते. ती भूमिका त्यांनी संयमाने केली आहे. घर सोडणारी बाई आणि घर धरून राहणारी बाई यांतील तेढ केवळ शब्दांवर सोडलेली नाही, म्हणून ती लक्षात राहते. त्यापूर्वी १९८० मध्ये बासू चटर्जी यांच्या ‘अपने पराये’मध्ये त्यांना हिंदीत चांगले काम मिळाले होते. एन. चंद्रा यांचा ‘अंकुश’ (१९८६) हाही विसरण्यासारखा नाही. परंतु पुढच्या पुष्कळशा आया आम्हांस एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. डोळ्यांना पदर, देवापुढे निरांजन, मुलासाठी नवस! दोष मुख्यतः लेखकांचा; काहीसा बाईंचाही, कारण आलेले काम त्यांनी सहसा नाकारले नसावे. अर्थात, पोटाचा प्रश्न बाजूस ठेवून असे लिहिणे आम्हां मास्तरांना सोपे जाते.

दूरचित्रवाणीने हा साचा अधिकच घट्ट केला. रोजच्या मालिकेत संवाद हाती येतो आणि लगोलग चित्रित होतो. वरवर पाहता हे दशावतारी नटासारखेच. पण दशावतारी नटाचे शब्द त्याचे स्वतःचे असतात, आणि समोर बसलेला गाव त्याला तत्काळ जाब विचारतो. मालिकेत दोन्ही नाही.

‘आई माझी काळूबाई’ या मालिकेच्या चित्रीकरणासाठी साताऱ्याकडे गेल्या असता आशालताबाईंना कोविडची बाधा झाली आणि २२ सप्टेंबर २०२० रोजी, वयाच्या ७९व्या वर्षी, साताऱ्यातच त्यांचे निधन झाले. मालिकांची कामे त्या सुमारास पुन्हा सुरू झाली होती. महाराष्ट्रातील नाट्यगृहे मार्चपासून बंद होती.