आजीची वही हा पुरावा आहे का?

पीएच.डी.च्या प्रवेशाचे दिवस आले की मला येणाऱ्या मेलमध्ये एक विषय हमखास असतो. ‘पारंपरिक कौटुंबिक पाककृती : एक सांस्कृतिक वारसा’. विषय चांगला आहे, मलाही आवडतो. पण सोबतच्या सिनॉप्सिसमध्ये पहिल्याच परिच्छेदात एक वाक्य असतं : पाककृतींमधून संस्कृती, परंपरा आणि आठवणी पिढ्यानपिढ्या पुढे जातात. आता मला सांगा, हे वाक्य चूक ठरावं यासाठी जगात काय सापडावं लागेल? काहीच नाही. कुठलीही पाककृती दाखवली तरी ते खरंच ठरणार. जे वाक्य चूक ठरूच शकत नाही त्याच्यावर तीन वर्षं घालवायची का, हा प्रश्न गाइडच्या आधी स्वतःला विचारून बघा.

माझं स्वतःचं काम वाळवलेल्या अन्नातल्या सूक्ष्मजीवांवर आहे, म्हणजे मी प्रयोगशाळेतली. पण या विषयामुळे दोन मराठी पुस्तकं मला शेजारी शेजारी ठेवून वाचावी लागली. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ आणि शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’. पहिलं 1970 चं, दुसरं 2015 चं. तुम्हीही ती जोडीनेच वाचावीत असं माझं मत आहे. एकेकटं वाचलं तर दोन्ही पुस्तकं थोडी फसवतात.

‘रुचिरा’ तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी असेल. लग्नात मुलीला देण्याचं पुस्तक म्हणून त्याची ख्याती. पण त्यातली खरी करामत मापांत आहे. 1956 च्या कायद्याने देशात मेट्रिक मापं आणायला सुरुवात झाली. त्याआधी शेर, पायली, मापटं, चिपटं. ‘रुचिरा’ आलं तेव्हा जुनी मापं कायद्याने गेली होती आणि ग्रॅम अजून स्वयंपाकघरात रुळले नव्हते. कमलाबाईंनी प्रमाण दिलं ते वाटी आणि चमच्यात. वरवर हे ढोबळ वाटतं, पण नीट बघा. एक वाटी हे, दोन वाट्या ते, असं म्हटलं की वाटी लहान असो वा मोठी, गुणोत्तर तेच राहतं. ज्या घरी तराजू नाही त्या घरीही पदार्थ जमतो. (चमचा मात्र हे गणित बिघडवतो. तुमची वाटी मोठी झाली म्हणून चमचा मोठा होत नाही. तिखट-मिठाच्या तक्रारी तिथून सुरू होतात.) पद्धत दुसऱ्याला तशीच करता यावी अशी लिहिणं हे विज्ञानातलं मोठं कौशल्य आहे, आणि आपल्यातले निम्मे लोक पेपरमधल्या ‘मेथड’मध्ये ते करत नाहीत.

तरीही कागदावर सगळं उतरत नाहीच. हॅरी कॉलिन्स नावाच्या समाजशास्त्रज्ञाचा 1974 चा एक प्रसिद्ध अभ्यास आहे. एका विशिष्ट प्रकारचा लेसर बनवू पाहणाऱ्या प्रयोगशाळा त्याने तपासल्या. केवळ छापील लेख वाचून कोणालाच तो लेसर बनवता आला नव्हता. ज्यांना जमला त्यांचा आधी कुणीतरी जमवलेल्या माणसांशी प्रत्यक्ष संपर्क होता. पुरण शिजलं की नाही हे आपल्याकडे कसं ठरतं? मधोमध उलथनं उभं करायचं. ते पडलं नाही म्हणजे झालं. हे एक मोजमापच आहे, घट्टपणाचं, आणि उलथनं हे त्याचं उपकरण. पण कुठल्या घट्टपणाला उलथनं ‘उभं राहिलं’ म्हणायचं हे वहीत नसतं, ते शेजारी उभं राहून कळतं. म्हणून घरची वही हातात आली की आधी हे शोधा की ती कोणासाठी लिहिली होती. स्वतःसाठी लिहिलेल्या वहीत ‘नेहमीप्रमाणे फोडणी’ असतं. परगावी निघालेल्या सुनेसाठी किंवा लेकीसाठी लिहिलेल्या वहीत फोडणीचाही क्रम असतो. जितकं जास्त लिहिलं आहे तितका शिकवणाऱ्याचा सहवास तुटला आहे, असं धरून चालायला हरकत नाही.

‘परंपरा’ या शब्दाबद्दलही एक सांगते आणि पुढे जाते. साबुदाण्याची खिचडी घ्या. उपवासाचा, म्हणजे धार्मिक शिस्तीतला पदार्थ. साबुदाणा होतो टॅपिओकाच्या कंदापासून. तो कंद, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची, चारही अमेरिका खंडातले. पोर्तुगीज यायच्या आधी आपल्या कुणाही पूर्वजाने ही खिचडी खाल्लेली असणं शक्य नाही. याचा अर्थ ती ‘आपली’ नाही असा नाही. पण सिनॉप्सिसमध्ये ‘प्राचीन’ लिहिण्याआधी दोन मिनिटं थांबा.

आता खरी अडचण. वही कोणाकडे होती?

अर्जुन अप्पादुराई यांचा 1988 चा एक निबंध भारतातल्या पाककृतींच्या पुस्तकांवर आहे. या विषयावर काम करणाऱ्याला तो टाळता येत नाही. त्यांचं एक निरीक्षण असं की जुन्या हिंदू ग्रंथांमध्ये काय खावं, कोणाबरोबर खावं, कोणाच्या हातचं खाऊ नये यावर भरपूर लिहिलेलं आहे. शिजवायचं कसं यावर त्या मानाने फार थोडं. आणि दुसरं, ‘भारतीय खाद्यसंस्कृती’ नावाची गोष्ट शहरी मध्यमवर्गीय बायकांनी लिहिलेल्या आणि वाचलेल्या पुस्तकांतून घडत गेली. ‘रुचिरा’ हे इंग्रजी पुस्तक नाही, पण ‘महाराष्ट्रीय जेवण’ म्हटलं की आज डोळ्यांसमोर जे ताट येतं ते घडवण्यात त्याचा वाटा आहेच. ते ताट प्रामुख्याने शाकाहारी, तेला-तुपाची ददात नसलेल्या घरातलं. कमलाबाईंनी आपल्या घरातलं लिहिलं, त्यात गैर काही नाही. चूक आपण करतो, एका घराचं ताट राज्याचं ताट म्हणून वाचतो तेव्हा. ज्यांनी संख्याशास्त्र शिकलं आहे त्यांना हे लगेच कळेल : फक्त टिकून राहिलेले नमुने मोजायचे आणि निष्कर्ष सगळ्यांबद्दल काढायचा.

शाहू पाटोळे यांचं पुस्तक नेमकं इथे उभं आहे. जेवणाआधीच्या श्लोकातल्या ‘पूर्णब्रह्म’ या शब्दाला त्यांनी एक ‘अ’ लावला आणि पुस्तकाचं नाव केलं. विषय आहे मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांचं खाणं. 2024 मध्ये भूषण कोरगावकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद आला आणि मग इंग्रजी वाचणाऱ्यांनी पुस्तक ‘शोधून काढलं’. मराठीत ते नऊ वर्षं होतंच, असो.

या पुस्तकातला एकच पदार्थ मी जरा तपशिलात घेते, कारण तो माझ्या कामाजवळचा आहे. चान्या. जनावराच्या मांसाच्या लांब, पातळ पट्ट्या कापून उन्हात वाळवलेल्या. ही ‘रेसिपी’ म्हणून वाचली तर दोन ओळींत संपते. पुरावा म्हणून वाचा. वाळताना पाणी आतून पृष्ठभागाकडे येतं आणि मग उडतं. पट्टीची जाडी निम्मी केली तर या प्रकारच्या वाळण्याला लागणारा वेळ साधारण चौथाईवर येतो. म्हणून पट्ट्या पातळ. सूक्ष्मजीवांना वाढायला किती पाणी मोकळं आहे हे आम्ही 0 ते 1 अशा मापात मोजतो. 0.6 च्या खाली कोणताच सूक्ष्मजीव वाढत नाही. बहुतेक रोगकारक जिवाणू त्याच्या बऱ्याच आधी, 0.85 च्या आसपास थांबतात. मराठवाड्याचा कोरडा उन्हाळा हे काम फुकट करून देतो. म्हणजे तंत्र पक्कं आहे. पण पुढचा प्रश्न विचारा : वाळवायची गरज का पडली? कारण मांस रोज थोडं थोडं मिळत नव्हतं. कधी मिळेल ते हातात नव्हतं, आणि मिळालं की एकदम एवढं मिळायचं की वस्तीला एका दिवसात संपणार नाही. मोठं जनावर मेलं की ते ओढून नेण्याचं काम ज्यांच्यावर जातीने लादलं होतं, त्यांच्या वाट्याला आलेला हा पुरवठा. दोन ओळींच्या कृतीत गावाची सगळी व्यवस्था आहे.

आता याच्या शेजारी कटाची आमटी ठेवा. पुरणाची डाळ शिजल्यावर निथळलेलं पाणी फेकायचं नाही, त्याची आमटी करायची. तर्क अगदी तोच : हाताशी आलेलं काही वाया घालवायचं नाही. पण कटाच्या आमटीवर लेख लिहिले जातात, त्यात गृहिणीच्या सुगरणपणाचं कौतुक असतं. चान्यांच्या वाट्याला ते कौतुक येत नाही. दोन्हींत काटकसर आहे, दोन्हींत तंत्र आहे, चान्यांमध्ये तर जास्तच. मग ‘वारसा’ हा शब्द एकीला मिळतो आणि दुसरीला नाही, हे कोणी ठरवलं? तुमच्या प्रबंधाचा प्रश्न इथे असू शकतो. हा चूक ठरू शकणारा प्रश्न आहे, आणि म्हणून विचारण्यासारखा.

आणखी एक गुंता आहे. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा असं आवाहन केलं. पुढे असंख्य घरांनी ते सोडलं. म्हणजे या घरांमध्ये एखादी पाककृती आज सापडत नसेल तर ती ‘लोप पावली’ असं लिहून चालणार नाही. ती जाणीवपूर्वक सोडलेली आहे, मानाने जगण्यासाठी. आपल्याला सवय आहे ती हळहळीची : अरेरे, आजीबरोबर तिच्या हातची चव गेली. इथे आजीनेच ठरवून ती चव पुढे दिली नाही. तिच्या नातवंडांना तुम्ही ‘तुमचा वारसा जपा’ म्हणून सांगायला गेलात तर ते तुम्हाला दारातूनच परत पाठवतील, आणि बरोबर करतील. पाटोळे यांचं पुस्तक मला मोठं वाटतं ते या ताणामुळे. सोडलेल्या गोष्टीची नोंद ते करतात, पण ती पुन्हा ताटात आणा असा गळा काढत नाहीत, आणि लाजही बाळगत नाहीत.

पुस्तकाबद्दल माझ्या तक्रारी आहेत. आठवण, पाककृती, संतसाहित्यावरचा वाद आणि जातिव्यवस्थेची चिकित्सा हे सगळं एकाच दमात येतं. कुठलं विधान लेखकाच्या गावापुरतं आणि कुठलं सगळ्या मराठवाड्याला लागू, हे वाचकाला बऱ्याचदा स्वतःच वेगळं करावं लागतं. संदर्भ देताना तुम्हाला याचा त्रास होईल. दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. लिहिणारा पुरुष आहे आणि चूल ज्यांनी सांभाळली त्या बायका आहेत. काय शिजत होतं हे कळतं. धुरात बसून शिजवणारीला त्याबद्दल काय वाटत होतं, शेवटी तिच्या वाट्याला काय उरत होतं, हे मला अजून हवं होतं. ‘रुचिरा’त लिहिणारी बाई आहे, पण ती स्वतःबद्दल बोलत नाही. आमटीला किती वाट्या पाणी हे ती सांगते, घरात कोण आधी जेवत होतं हे सांगत नाही. तरी निवड करायचीच झाली तर संशोधनाच्या वाचनासाठी मी पाटोळे यांचं पुस्तक वर ठेवेन. पदार्थ असाच का होता याचं उत्तर त्यात मिळतं. स्वयंपाकासाठी अर्थातच ‘रुचिरा’.

मग तुम्ही नक्की करायचं काय? प्रश्नावलीत ‘तुमच्या घरची पारंपरिक पाककृती कोणती?’ असा प्रश्न ठेवू नका. उत्तरं पाठ असतात, पुरणपोळी, उकडीचे मोदक, फार तर तांबडा-पांढरा. त्याऐवजी विचारा : तुमच्या आईच्या लहानपणी घरात होत होतं आणि आता होत नाही, असं काय? कधी बंद झालं? कोणी बंद केलं? जिन्नस महाग झाला, सरपण गेलं, गाव सुटलं, का नको वाटलं? ‘नको वाटलं’ असं उत्तर आलं तर घाईने पुढचा प्रश्न टाकू नका. बसून राहा.

आणि संमतीपत्राचं काम गंभीरपणे करा. ज्या वर्षी पाटोळे यांचं पुस्तक आलं त्याच 2015 मध्ये राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आणणारा कायदा लागू झाला. एखादी आजी विश्वासाने तुम्हाला तिच्या तरुणपणच्या एखाद्या पदार्थाची कृती सांगेल. तुमच्यासाठी तो डेटा आहे. तिच्या घरासाठी उद्या त्रास होऊ शकतो. नाव, गाव, वस्ती काय लिहायचं आणि काय गाळायचं हे मुलाखतीआधी ठरवा, तिला समजेल अशा भाषेत सांगा, आणि ती नको म्हणाली तर रेकॉर्डिंग तिच्या समोर पुसून टाका.

मुलाखती कशा घ्याव्यात याचा एक नमुना इथेच पुण्यात आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रातून 2009 मध्ये दलित समाजांच्या अन्न-आठवणींवर एक छोटं इंग्रजी पुस्तक निघालं. त्याचं काम विद्यार्थ्यांनी वर्गातला अभ्यास म्हणूनच केलं होतं, म्हणजे तुमच्याच वयाच्या लोकांनी. ते मिळवा, वाचा, आणि मग सिनॉप्सिसचा पहिला परिच्छेद नव्याने लिहून पाठवा.