तांदळाच्या पोत्याखालचा विंचू

नववीला निस्सीम इझिकेल यांची 'नाइट ऑफ द स्कॉर्पियन' शिकवायची तर मी जुलैची वाट पाहतो. ती पाठ्यपुस्तकात नसली तरी घेतोच. कौलांवर पाऊस वाजत असला की अर्धं शिकवणं तोच करतो. दहा तासांच्या संततधारेनं बेजार झालेला एक विंचू घरात शिरून तांदळाच्या पोत्याखाली बसतो, हे कोकणातल्या मुलाला समजावून सांगावं लागत नाही. त्याच्या घरी आजही अंथरूण झटकूनच टाकतात.

मराठीत सांगताना 'दबा धरून बसलेला' हे शब्द आपसूक ओठांवर येतात. पण कवितेत तसं काही नाही. तिथला विंचू आडोशाला आलाय. अंधारात नांगीची एक लकाकी दिसते, आईला दंश होतो आणि तो पुन्हा पावसात जायचा धोका पत्करतो. धोका कुणाला, तर विंचवाला! ज्या घरात आई तळमळते आहे, त्या घरातला मुलगा मोठेपणी ती रात्र आठवताना विंचवाच्या बाजूनंही पाहतो. या एका क्रियापदापाशी मी पाच मिनिटं तरी थांबतो.

इझिकेल (१९२४–२००४) मुंबईचे, बेने इस्रायली ज्यू. या समाजाची बोली मराठी आणि मुळं रायगडच्या किनाऱ्यावरची, तेलाच्या घाण्यांजवळची. १९६५च्या 'द एग्झॅक्ट नेम' या संग्रहात ही कविता आली. पुढे ती इंग्लंडमध्येही जीसीएसईच्या, म्हणजे तिथल्या शालान्त परीक्षेच्या, वर्गांत बरीच वर्षं शिकवली गेली. तिथल्या शिक्षकाला कंदील, मातीच्या भिंती, गावकऱ्यांचा घोळका हे सगळं उभं करावं लागत असणार. आम्हाला अडतो तो एकच शब्द, पॅराफिन. मुलं शब्दकोशात बघतात आणि 'मेण' म्हणतात. मी फळ्यावर लिहितो, 'घासलेट'. वर्ग एकदम गप्प होतो, कारण आता कळतं की बापानं आईच्या पायाच्या बोटावर घासलेट ओतून काडी लावली.

तिथेच आणखी एक गंमत आहे. सुरुवातीला विंचू नांगी मारतो, तसं योग्य इंग्रजी क्रियापद आहे. घासलेटाच्या जागी मात्र कवी त्याच बोटाला 'चावलेलं' म्हणतो. इंग्रजीत विंचू चावत नाही, मराठीत चावतो. कवीच्या मनात काय होतं ते मी सांगणार नाही, पण मराठी कानाला तिथे घरचा आवाज ऐकू येतो. मुलांना तो ऐकवावाच.

कवितेचा गाभा गावकऱ्यांच्या बोलण्यात आहे. ते माश्यांसारखे घोंघावत येतात, देवाचं नाव घेत राहतात, विंचू शोधतात, तो सापडत नाही. विंचू जितका हलेल तितकं विष भिनेल, तेव्हा तो एका जागी बसो, गेल्या जन्मीची पापं आज रात्री जळून जावोत, पुढल्या जन्मीचे भोग कमी होवोत, असं ते म्हणत राहतात. इंग्रजीत या प्रत्येक वाक्याच्या तोंडी 'मे' आहे. आमच्या मुलांना 'मे' ठाऊक असतो तो परवानगीचा आणि शक्यतेचा, व्याकरणाच्या दोन गुणांपुरता. इथे तो इच्छेचा आहे, मराठीतल्या 'होवो'चा. पुन्हा पुन्हा आल्यानं त्याचा मंत्र होतो. 'मे'चा हा उपयोग ज्या मुलानं या कवितेत ऐकला, त्याला तो वेगळा पाठ करावा लागत नाही.

एकदा एका मुलीनं भाषांतर करताना या प्रार्थनांमागे 'म्हणे' लावलं. तिला म्हटलं, बाळ, 'म्हणाले' लिही. 'म्हणे'त अविश्वास आहे, कवितेत तो नाही. माश्यांची उपमा देणारा हाच मुलगा पुढे त्यांच्या चेहऱ्यांवरची समजुतीची शांती पाहतो. आणि त्यांची भीती पोकळ नव्हती. तेव्हा कोकणात लाल विंचवाच्या दंशानं माणसं दगावत, महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला तो त्यानंतर, ऐंशीच्या दशकात.

विष वासना जाळील, महत्त्वाकांक्षा जाळील, अशी आशा गावकरी करतात. इथे मुलांना एकनाथांचं विंचवाचं भारूड आठवतं, आणि ते आठवायलाच हवं. पण दोन्ही विंचू उलट्या दिशांनी चालतात. नाथांचा विंचू म्हणजेच काम-क्रोध, त्याच्यावर उतारा सत्त्वगुणाचा. इझिकेलांच्या गावात विंचवाचं विष हाच वासनेवरचा उतारा. एकाच गावकीच्या ओट्यावर हे दोन्ही बोल शोभतील.

मग बाप. संशयवादी, बुद्धिवादी माणूस; तोही त्या रात्री शाप आणि आशीर्वाद, पूड आणि पाला, हाती लागेल ते करून पाहतो. शेवटी घासलेट. ज्योत आईवर पोसली जाते आहे आणि मुलगा ती बघतो आहे. कवी इथे एकही हळवा शब्द वापरत नाही. मग मांत्रिक येतो, त्याचे विधी होतात. वीस तासांनी विषाचा जोर ओसरतो, आणि कशानं ओसरला हे कविता सांगत नाही. परीक्षेत 'अंधश्रद्धेवर टीका' असं उत्तर लिहिणाऱ्याला मी पूर्ण गुण देत नाही. बापाची विज्ञाननिष्ठा आणि गावाची श्रद्धा दोन्ही त्या चटईशेजारी सारख्याच हतबल बसल्या आहेत.

अठ्ठेचाळीस ओळींची ही कविता. पहिल्या पंचेचाळीस ओळींत सगळे बोलतात, आई फक्त कण्हते. मग मोकळी जागा, आणि उरलेल्या तीन ओळींत ती एकदाच बोलते. विंचवानं मला धरलं, माझ्या लेकरांना सोडलं, याबद्दल देवाचे आभार, एवढंच. जन्म-पुनर्जन्म, पाप-पुण्य, औषध, मंत्र यांतलं काहीही तिच्या तोंडी नाही. त्या तीन ओळींआधीची मोकळी जागा मी मोठ्यानं वाचताना पाळतो. तिथे श्वास घ्यायचा आणि घाई करायची नाही.

माझ्या शिक्षक मित्रांना एक विनंती. शेवटची ओळ वाचून झाली की लगेच 'यातून आईचे कोणते गुण दिसतात?' असं विचारू नका. तो प्रश्न मार्गदर्शकात आहे, उद्याही तिथेच असेल. त्या दिवशी तास संपेपर्यंत वर्गाला पाऊस ऐकू द्या.