हमीदा बानूंचा खुराक

पेडण्याच्या श्रीभगवतीपुढे हात जोडताना तिच्या आठ भुजा कुणासही विचित्र वाटत नाहीत. डिचोली तालुक्यातील शिरगावची लईराई तर कळसरूपाने पुजली जाते. तिच्या सामर्थ्यास मानवी देहाचीही आवश्यकता भासत नाही. पाषाणातील आणि कळसातील शक्तीपुढे नम्र होणारे आपले भाविक मन, तीच शक्ती जिवंत स्त्रीच्या दंडात दिसू लागली म्हणजे मात्र अस्वस्थ होते. हमीदा बानू यांच्या कारकिर्दीचे वृत्तान्त वाचताना ही अस्वस्थता पदोपदी जाणवते.

मिर्झापूरकडच्या या स्त्रीमल्लाने अलीगढ येथे सलाम पहिलवान यांच्या हाताखाली तालीम केली. जो आपणास हरवील त्याच्याशी विवाह करीन, असे आव्हान त्यांनी १९५४ साली दिले. त्याच वर्षी मे महिन्यात बडोद्यास बाबा पहिलवान यांना त्यांनी १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केले. मुंबईत व्हेरा चिस्तिलिन या रशियन स्त्रीमल्लाशी झालेली कुस्ती तर मिनिटभरही टिकली नाही.

वृत्तपत्रांनी काय सांगितले? वजन १०८ किलो, उंची ५ फूट ३ इंच. रोज साडेपाच लिटरांहून अधिक दूध, अर्धा किलो लोणी, सहा अंडी, एक कोंबडी, शिवाय बिर्याणी. पुरुषमल्लाचा खुराक आपणही कौतुकाने सांगतो, हे खरे. परंतु तेथे तो तालमीचा एक भाग असतो. येथे खुराकाचे माप जितक्या आवडीने दिले गेले, तितक्या आवडीने डावांची चिकित्सा झाली नाही. बाई मल्ल न राहता एक नवल होऊन बसल्या.

आपल्याला जवळचे, आणि म्हणूनच अधिक बोचणारे उदाहरण कोल्हापूरचे. कुस्तीची जाण असलेल्या त्या नगरीत हमीदा बानूंनी सोमासिंग पंजाबी यांना हरविले, तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो करून त्यांच्यावर दगड फेकले. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली कुस्ती स्थानिक कुस्तीसंघाच्या हरकतीमुळे रद्द झाली. मुंबई राज्याचे तत्कालीन मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे त्यांनी दाद मागितली. बंदी स्त्रीत्वामुळे नसून, आयोजक तोतये प्रतिस्पर्धी उभे करतात अशा तक्रारींमुळे आहे, असे त्यांस उत्तर मिळाले. लुटुपुटूच्या कुस्तीचा संशय घेण्यास कोणाचीच हरकत नसावी. तथापि कोल्हापुरात दगड आयोजकांवर पडले नाहीत, जिंकणारीवर पडले.

ही दृष्टी केवळ आपलीच आहे असेही नव्हे. १९८३ साली लास व्हेगास येथील शरीरसौष्ठव स्पर्धेत ऑस्ट्रेलियाच्या बेव्ह फ्रान्सिस उतरल्या. जॉर्ज बटलर यांच्या १९८५ च्या माहितीपटात ती स्पर्धा पाहावयास मिळते. स्नायूंच्या भरीवपणात त्यांच्या तोडीची दुसरी स्पर्धक तेथे दिसत नाही. परीक्षकांनी त्यांना आठवा क्रमांक दिला. स्त्रीचे स्नायू किती असावेत याची परीक्षकांतच वादावादी चालते, हा त्या चित्रपटातील सर्वांत उद्बोधक भाग होय. कुस्तीत निदान पाठ मातीला लागते, निकाल डोळ्यांसमोर असतो. शरीरसौष्ठवात तर प्रेक्षकांची नजर हाच निकाल.

हमीदा बानूंचे उत्तरायुष्य कल्याणास, दूध व घरगुती खाद्यपदार्थ विकण्यात गेले. १९८६ साली त्या निवर्तल्या. ४ मे २०२४ रोजी गूगलने त्यांच्या स्मरणार्थ चित्र प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांच्याविषयी पुन्हा लिहिले गेले, आणि दुधाचे लिटर पुन्हा मोजले गेले.