हिस्लॉप : एका विरळ आडनावाचा भूगोल आणि आडनाव-अभ्यासाच्या पद्धतीची चिकित्सा

प्रास्ताविक

'हिस्लॉप' हे नाव नागपूरकरांच्या तोंडी इतके रुळलेले आहे, की ते मुळात एक आडनाव आहे याचा बोलणाऱ्याला सहसा विसर पडतो. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या महाविद्यालयामुळे ते शहराच्या बोलीत आले. त्या आडनावाच्या एखाद्या कुटुंबाच्या वस्तीचा यात काही संबंध नाही. ज्या प्रदेशात हे आडनाव जन्मले, त्या इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमाभागाबाहेर मात्र ते विरळच आढळते. आडनावांच्या इतिहासाची व भौगोलिक वितरणाची जी अभ्यासपद्धती ब्रिटनमध्ये विकसित झाली, तिची चिकित्सा या एका नावाच्या आधारे करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. अशी चिकित्सा आवश्यक वाटण्याचे कारण स्थानिक आहे. दूरध्वनी निर्देशिका किंवा मतदारयादी समोर ठेवून आडनावांची मोजणी करावी, जिथे संख्या अधिक तिथे उगम मानावा आणि त्यावरून समाजगटांच्या स्थलांतराचे निष्कर्ष काढावेत, अशी रीत आपल्याकडील विद्यार्थी-प्रकल्पांतही उतरते. विदर्भात आडनाव विचारणे म्हणजे पुष्कळदा जात विचारणेच असते. त्यामुळे अशा निष्कर्षांकडे निरुपद्रवी हौस म्हणून पाहता येत नाही.

व्युत्पत्ती आणि तिची मर्यादा

हिस्लॉप या नावाची फोड सामान्यतः दोन जुन्या इंग्रजी शब्दांत केली जाते. पहिला शब्द हेझल या कवचफळाच्या झुडपाचा वाचक आहे, तर 'होप' म्हणजे टेकड्यांनी वेढलेले, एका बाजूने बंद असलेले खोरे. हेझलच्या खोऱ्यात राहणारा तो हिस्लॉप. आपल्याकडील चिंचोली, पिंपळगाव, मोहगाव ही ग्रामनामे ज्या रीतीने घडली, तीच रीत इथे दिसते, आणि तीच अडचणही. चिंचोली नावाची गावे विदर्भात जागोजागी आहेत. एखाद्या चिंचोळकर कुटुंबाचे मूळ गाव त्यांपैकी कोणते, हे आडनाव सांगत नाही. सीमाभागातही हेझलची झुडपे आणि बंद खोरी यांचा तुटवडा नव्हता. जॉर्ज फ्रेझर ब्लॅक यांचा स्कॉटिश आडनावांचा कोश (१९४६) आणि रीनी यांचा ब्रिटिश आडनावांचा कोश (१९५८) हे या विषयातले प्रमाणग्रंथ होत. त्यांची विद्वत्ता वादातीत आहे. परंतु शब्दाचा अर्थ लागला म्हणजे कुटुंबाचा ठावठिकाणा लागला, अशी समजूत कोशाच्या वाचकाची फार लवकर होते. त्या समजुतीला कोश जबाबदार नसले, तरी ते तिला पुरेसे आवरतही नाहीत.

याच नावाची हेस्लॉप, हिस्लॉप, हायस्लॉप अशी रूपे आढळतात. हेस्लॉप हे रूप मुख्यतः सीमेच्या इंग्लंडकडील बाजूस, नॉर्थम्बरलँड व डरॅम या परगण्यांत एकवटलेले आहे. उरलेली दोन स्कॉटलंडच्या दक्षिण भागात अधिक दिसतात. नकाशावर त्यामुळे दोन स्वतंत्र शिखरे उमटतात आणि पाहणाऱ्याला दोन स्वतंत्र वंश दिसू लागतात. वस्तुतः पॅरिशच्या नोंदवहीत लेखनिकाने कानाला जसे ऐकू आले तसे अक्षर घातले, आणि पुढच्या पिढ्यांनी ते अक्षर सांभाळले. अशा नकाशातून लोकांच्या वस्तीइतकीच लेखनिकांच्या सवयीचीही माहिती मिळते. नागपूरच्या राजघराण्याचे आडनाव आठवले तरी हे पटेल. मराठीत भोसले एवढेच असलेले हे नाव इंग्रजी दप्तरांत अनेक वर्णलेखनांनी आले आहे. रोमन लिपीतील यादीवर विसंबणारा संगणक त्या प्रत्येकाला निराळे आडनाव मानील.

वितरणाच्या नकाशाचा आधार

आडनावांचे वितरण मोजण्याचा पहिला मोठा प्रयत्न हेन्री ब्रूम गप्पी यांनी १८९० मध्ये प्रसिद्ध केला. हे गृहस्थ आरमारी शल्यचिकित्सक व निसर्गअभ्यासक होते, आणि वनस्पतींच्या वितरणाकडे पाहण्याची दृष्टीच त्यांनी आडनावांना लावली. शेतकरी हा वर्ग जागा सोडून फारसा जात नाही, म्हणून व्यापारी निर्देशिकांतील शेतकऱ्यांचीच नावे त्यांनी मोजली. विरळ आडनावे त्यांनी गणनेतून वगळली. पद्धत ठरवण्यापूर्वी कोणत्या वर्गाची नोंद आपण वापरतो आहोत, हे त्यांनी उघडपणे सांगितले. त्यांच्या कामाचा हा भाग नंतरच्या अधिक सफाईदार कामांपेक्षा मला अधिक प्रामाणिक वाटतो.

नंतरच्या कामांचा कणा म्हणजे १८८१ ची ब्रिटिश जनगणना. तिच्या कुटुंबवार पत्रकांचे स्वयंसेवकांनी केलेले लिप्यंतर १९९९ मध्ये सीडीच्या रूपात उपलब्ध झाले, आणि कोणत्याही आडनावाचा परगणावार नकाशा काही क्षणांत काढणे शक्य झाले. सोय मोठी आहे. मात्र १८८१ पर्यंत रेल्वे, कोळशाच्या खाणी आणि कापडगिरण्या यांनी लोकसंख्या केव्हाच हलवलेली होती. त्या एका वर्षीच्या शिखराला मध्ययुगीन उगमस्थान समजणे धाडसाचे आहे. त्यातच विवाहानंतर आडनाव बदलणाऱ्या स्त्रियांची नोंद पतीच्या आडनावाखाली होते, म्हणजे यादीतील फार मोठा भाग रक्ताच्या नात्याने त्या नावाशी जोडलेलाच नसतो.

समुद्रापलीकडे गेल्यावर ही पद्धत आणखी सैल होते. सर थॉमस हिस्लॉप (१७६४-१८४३) हे सेनाधिकारी १८०३ ते १८११ या काळात त्रिनिदादचा कारभार पाहत होते. २००६ च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेत त्रिनिदाद व टोबॅगोचे गोलरक्षक होते शाका हिस्लॉप. दोन बिंदू जोडणारी रेषा ओढण्याचा मोह इथे अनावर होतो. परंतु कॅरिबियन बेटांत स्कॉटिश आडनावे मळेवाल्यांकडून, मुकादमांकडून, गुलामांच्या नोंदवह्यांतून आणि मुक्तीनंतरच्या स्वीकारातून अशा अनेक वाटांनी पसरली. कोणती वाट कोणत्या कुटुंबाची, याचे उत्तर नकाशात मिळत नाही.

महाराष्ट्रातील दोन हिस्लॉप

हेच थॉमस हिस्लॉप पुढे दख्खनच्या फौजेचे सेनापती म्हणून मराठ्यांच्या इतिहासात येतात. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूर येथे त्यांनी होळकरांच्या सैन्याचा पराभव केला. फेब्रुवारी १८१८ मध्ये तापीकाठच्या थाळनेर किल्ल्यातील शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदाराला फाशी देण्यात आली. या कृत्याची चर्चा ब्रिटिश संसदेतही झाली. खानदेशाच्या इतिहासात हिस्लॉप हे नाव येते ते असे.

नागपूरचे हिस्लॉप निराळे. स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडच्या बेरिकशर परगण्यातील डन्स या गावी झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली. १८४५ मध्ये फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी म्हणून ते नागपुरास आले. शाळा चालवणे, खडक व जीवाश्म गोळा करणे आणि गोंडांची भाषा व कथा टिपून घेणे ही तीन कामे त्यांनी अठरा वर्षे एकत्र केली. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नागपूर परिसराच्या भूरचनेवर लिहिलेला निबंध १८५५ मध्ये प्रसिद्ध झाला. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील शिळावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात ते बुडाले. गोंडांविषयीची त्यांची हस्तलिखिते रिचर्ड टेंपल यांनी संपादित करून १८६६ मध्ये छापली. लिंगोची गोंडी कथा त्यात आहे. टाकळघाट-खापा येथे १९६८-६९ मध्ये नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव यांनी उत्खनन केले, हे येथे नमूद करणे उचित होईल.

सेनापती आणि मिशनरी या दोघांना केवळ नावसाम्यावरून एका घराण्यात बसवणे गैर ठरेल. स्टीफन यांच्या बाबतीत डन्सचे कुटुंब व बंधू अलेक्झांडर यांची माहिती चरित्रसाधनांतून मिळते. जॉर्ज स्मिथ यांनी लिहिलेले चरित्र १८८८ मध्ये निघाले. ते मिशनच्या गौरवासाठी लिहिलेले आहे, तरीही नातेसंबंधांच्या बाबतीत ते कोणत्याही वितरण-नकाशापेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

स्टीफन हिस्लॉप यांचे आडनाव ज्या वाटांनी पसरले, त्यांची नोंद आडनाव-अभ्यास घेतच नाही. गोड्या पाण्यातील ब्रायोझोआ या सूक्ष्म वसाहती प्राण्यांच्या एका प्रजातीला एच. जे. कार्टर यांनी १८५८ मध्ये 'हिस्लॉपिया' हे नाव दिले. तिच्यातील एक जाती सैबेरियातील बैकल सरोवरात राहते. नागपूर परिसरातील हिरवट कॅल्साइटला हॉटन यांनी १८५९ मध्ये 'हिस्लॉपाइट' म्हटले. आज ते स्वतंत्र खनिज मानले जात नाही. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातील मलेरी येथील, मगरीसारख्या दिसणाऱ्या ट्रायासिक काळातील सरीसृपाला लिडेकर यांनी १८८५ मध्ये 'पॅरासुकस हिस्लॉपी' हे नाव दिले. ज्या तुकड्यांवरून ते ठरवले होते ते ओळखीसाठी अपुरे निघाले. म्हणून प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २००३ मध्ये नवा नमुना मान्य करून नाव कायम ठेवले. वंशविस्तारावाचून एखादे आडनाव किती दूर जाऊ शकते, याचे याहून बोलके उदाहरण निदान मला ठाऊक नाही.

शहरातील नावांच्या बाबतीतही सावधगिरी हवी. मॉरिस कॉलेजचे अधिकृत नाव बदलून बराच काळ लोटला, तरी तिठ्याला आजही मॉरिस कॉलेज टी-पॉइंट म्हणतात. मॉरिस हे आडनावच आहे. 'मेयो' मात्र आडनाव नाही. ती आयर्लंडमधील परगण्यावरून आलेली पदवी आहे आणि लॉर्ड मेयो यांचे आडनाव बर्क होते.

विदर्भातील आडनावांकडे पाहताना

आता हीच पद्धत आपल्याकडे लावली तर काय होईल? चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ, नांदेड या पट्ट्यात '-वार' या प्रत्ययाची आडनावे दाट आहेत. महाराष्ट्राचे दुसरे मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार (कार्यकाळ १९६२-६३) यांचे आडनाव याच घडणीचे. नकाशावरील शिखर चंद्रपूरकडे येईल आणि गप्पींचा अनुयायी उगम तिथेच मानील. पण हा प्रत्यय तेलुगूतील 'वारु' या आदरार्थी अनेकवचनाशी जोडलेला आहे. तेलुगू रीतीत घराचे नाव व्यक्तीच्या नावाआधी येते. मराठी दप्तरात आल्यावर ते शेवटी गेले आणि आडनाव झाले. नकाशातील शिखर या नावांना मराठी रूप जिथे मिळाले ती जागा दाखवते. माणसे कोठून आली, हा प्रश्न त्याने सुटत नाही. चंद्रपूरच्या बाबतीत हे दोन प्रश्न वेगळे ठेवले नाहीत, तर पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेल्या कुटुंबाला एक प्रत्यय पाहून उपरे ठरवले जाते, किंवा उलट त्याचा तेलुगू वारसाच नाकारला जातो. दोन्ही प्रकार ऐकिवात आहेत.

'मेश्राम' हे उदाहरण अधिक गंभीर आहे. तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात केसलापूर येथे भरणाऱ्या नागोबाच्या जत्रेचा मान मेसराम या गोंड कुळाकडे आहे. विदर्भात मेश्राम आडनावाची गोंड कुटुंबे आहेत, तशीच बौद्ध कुटुंबेही मोठ्या संख्येने आहेत. मतदारयादीवरून काढलेल्या नकाशात हे सारे एकाच रंगात रंगेल. त्या रंगाला समाजशास्त्रीय अर्थ चिकटवणारा निबंध उद्या एखाद्या अर्जाच्या विरोधात कागद म्हणून पुढे आला, तर त्याची जबाबदारी मार्गदर्शक प्राध्यापकावरही येते.

ब्रिटनमध्ये जुन्या जनगणनेची पत्रके शंभर वर्षांनी खुली होतात. आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्यान्वये व्यक्तिगत माहिती गोपनीय असते, त्यामुळे तो मार्ग बंद आहे. उपलब्ध आहेत ती कोतवाल बुके आणि शाळांची दाखल-खारीज रजिस्टरे. जुन्या कोतवाल बुकांत नोंद बहुधा अमुक वल्द तमुक अशी आणि पुढे जात, एवढीच असते. आडनाव पुष्कळदा नसतेच. शाळेत नाव घालताना मात्र रजिस्टरातील रकान्यासाठी ते लागे, आणि बापाने सांगितले ते किंवा गुरुजींना सुचले ते तिथे लिहिले जाई. सिरोंचा किंवा राजुरा यांसारख्या द्वैभाषिक तालुक्यातील एकच गाव घेऊन तेथील त्याच काळातील ही दोन्ही रजिस्टरे शेजारी ठेवून वाचली, तर आडनाव कोणत्या दशकात आणि कोणाच्या हातून आले, हे घरवार दाखवता येईल. एका लघुप्रबंधाच्या आवाक्यातील हे काम आहे. त्यासाठी नकाशाची गरज लागलीच तर ती अगदी शेवटी लागेल, आणि तोही गावाचा पुरेल.