ओळखीच्या शब्दांचा दगा

‘हा अनुवाद वाटतच नाही’ हे अनुवादाच्या परीक्षणातील ठरून गेलेले वाक्य आहे. आम्हीही ते अनेकदा लिहिले. हैदराबादच्या मराठी माणसाने तरी ही स्तुती जपून करावी, असे आता वाटते.

अनोळखी शब्द आला की अनुवादक कोश उघडतो. ओळखीचा आला की तो निःशंकपणे पुढे जातो, आणि फसतो. मराठी व उर्दू या दोघींनी फारसी-अरबीचे शब्द भरभरून घेतले. पण ते दोन घरांत निरनिराळे वाढले. उर्दूतील ‘खुलासा’ म्हणजे सारांश. आपल्याकडे ते स्पष्टीकरण. त्यांची ‘तकरार’ म्हणजे वादावादी. आपण ती कचेरीत लेखी नोंदवतो. ‘राजीनामा’ तर अदालतीत उभय पक्षांच्या तडजोडीचा कागद. जुन्या पेटीत असा कागद निघाला, तर पणजोबांनी नोकरी सोडली असे नातू समजेल. त्यांनी बिचाऱ्यांनी भावाशी शेताचा तंटा मिटवलेला असेल! ‘शिकस्त’ म्हणजे पराभव. मराठीत मात्र आपण प्रयत्नांची शिकस्त करतो. एवढ्या एका शब्दाने हरलेली फौज शर्थीने लढलेली ठरू शकते.

सेतुमाधवराव पगडींची थोरवी आम्हांस इथे दिसते. निजाम राज्याच्या सेवेत वावरलेल्या या अभ्यासकाने औरंगजेबाच्या काळातील फारसी अखबार ‘मोगल दरबाराची बातमीपत्रे’ या नावाने मराठीत आणले. नोंदी कोरड्या आहेत. त्यांना रंगवण्याचा मोह त्यांनी टाळला. ललित गद्याच्या अपेक्षेने जाणारा वाचक निराश होईल, आणि तो दोष वाचकाचाच. मराठीत घरचे झालेले हे शब्द मूळ घरी कसे वागतात, हे ठाऊक असलेला माणूस त्या पानांमागे आहे.

असा कान कसा घडला? 1917 साली उस्मानिया विद्यापीठासाठी दारुल तर्जुमा, म्हणजे भाषांतराचे खाते, उभे राहिले. विज्ञान, कायदा, वैद्यक यांची पुस्तके उर्दूत आली आणि मराठी घरांतील मुलांनाही त्यांतूनच शिकावे लागले. त्या सक्तीचे गोडवे आम्ही गाणार नाही. मातृभाषेला तिथे जे दुय्यम स्थान मिळाले, त्याची सल जुन्या घरांत अजून आहे. पण दिवसा उर्दूत परीक्षा देऊन संध्याकाळी घरी मराठी बोलणाऱ्या त्या पिढीला शब्दांच्या या दोन्ही चाली कळत. 1948 नंतर ती व्यवस्था मोडली. ती पिढीही आता जवळजवळ सरली.

आज उर्दूतून मराठीत येणारे पुष्कळ लेखन हिंदी वा इंग्रजीच्या आडवाटेने येते. अशा पुस्तकाचे परीक्षण लिहिताना आम्ही यापुढे प्रथम एवढेच पाहू: अनुवादक ‘शिकस्त’पाशी थांबला का? थांबला असेल, तर तळटीप देण्याइतका संकोच त्याने दाखवला का? वाचनाचा ओघ तिथे तुटला तरी आमची तक्रार नाही. मराठी अर्थाने, अर्थातच.