'प्रशिक्षित सैनिक' म्हणजे नेमकं कोण?

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेल्या नेक्सकार19 या उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये मंजुरी मिळाली. 4 एप्रिल 2024 ला पवईत राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचं लोकार्पणही झालं. तेव्हापासून मराठीत यावर जे वाचतोय ते बहुतेक एकाच साच्यातलं आहे: रुग्णाच्या पेशी काढतात, त्यांना कर्करोग ओळखायचं 'प्रशिक्षण' देतात आणि हे 'सैनिक' परत शरीरात सोडतात, तेही परदेशी औषधाच्या सुमारे एक दशांश किमतीत. किमतीचं कौतुक रास्तच आहे. माझी तक्रार 'प्रशिक्षण' या शब्दाबद्दल आहे.

इथे कुणी काही शिकत नाही. रक्तातल्या टी पेशी घेऊन त्यांना प्रयोगशाळेत उत्तेजित करतात आणि विषाणूच्या मदतीने एका नव्या रिसेप्टरचं जनुक त्यांच्यात घालतात. ती पेशी आधी काय ओळखत होती, याच्याशी देणंघेणं नाही. नवा रिसेप्टर सीडी19 हे प्रथिन शोधतो, आणि ते निरोगी बी पेशींवरही असतं. त्याही मरतात, पण त्यांच्याशिवाय माणूस जगू शकतो. म्हणून हे जमतं.

इथे अझैबामध्ये ओळखीतून रिपोर्ट फॉरवर्ड होऊन येतात. सोबत ठरलेला प्रश्न: 'मुंबईची ती पेशींची ट्रीटमेंट आमच्या काकांना चालेल का?' काकांना गालाचा कर्करोग असतो. उत्तर 'नाही' असं आहे, आणि ते मस्कत-मुंबई तिकीट काढायच्या आधी कळायला हवं. बातमीत ते क्वचितच असतं.

तोंडाच्या कर्करोगावर सीडी19सारखी सोयीची खूण नाही. तिथला एक मार्ग म्हणजे गाठीत शिरलेल्या टी पेशींमधून तिला खरोखर ओळखणाऱ्या मोजक्या पेशी वेचणं. सक्रिय झालेल्या टी पेशीवर काही तासांत सीडी69 दिसतं, साधारण दिवसभरात सीडी137. (गंमत म्हणजे नेक्सकार19च्या रिसेप्टरमधला एक तुकडा या सीडी137चाच आहे.) या खुणांना चमकणारी प्रतिपिंडं चिकटवायची आणि यंत्रात लेझरखालून एकेक पेशी नेत वेगळी करायची.

ऐकायला सोपं वाटतं. पण गाठीत फ्लूचा विषाणू ओळखणाऱ्या टी पेशीही फिरत असतात, आणि त्यांचा कर्करोगाशी काही संबंध नसतो. सीडी69 तर अशा पेशींवरही सापडतं. पीडी-1 सक्रिय पेशीवर असतं तसंच थकलेल्या पेशीवरही. फेब्रुवारी 2024 मध्ये अमेरिकेत मेलानोमासाठी मान्य झालेल्या लिफिल्युसेलमध्ये अशी वेचणी होतच नाही. गाठीतल्या टी पेशी सरसकट वाढवून परत देतात. सुमारे एक तृतीयांश रुग्णांत गाठी लक्षणीय आकसल्या.

मग वेचूनच का देत नाहीत? कारण गाठीला ओळखणाऱ्या पेशी बऱ्याचदा तिच्याशी झगडून दमलेल्या असतात. अचूक शोधून काढल्या तरी बाहेर त्या पुरेशा वाढत नाहीत.