कुड्याची साल आणि आगारवरचे वर्तुळ

पुणे परिसरातील महाविद्यालयांतून रानवनस्पतींच्या प्रतिजीवाणू गुणधर्मांवर होणाऱ्या अभ्यासाची रीत आता ठरून गेली आहे. वनस्पती आणावयाची, सावलीत वाळवावयाची, मिथेनॉलमध्ये अर्क काढावयाचा आणि आगारच्या थाळीत पाडलेल्या छिद्रात तो भरावयाचा. जीवाणूंच्या थरात स्वच्छ वर्तुळ उमटले की वनस्पती 'प्रभावी' ठरते.

या वर्तुळाच्या व्यासावर फार मोठा भार टाकला जातो. संयुग आगारमधून किती सहज पसरते यावरही व्यास अवलंबून असतो. त्यामुळे दोन अर्कांची मिलिमीटरमध्ये केलेली तुलना फसवी ठरते. किमान निरोधक संहती ही अधिक विश्वसनीय कसोटी होय. अर्कांचे प्रयोग मिलिलिटरला १ मिलिग्रॅमहून अधिक संहतीला करू नयेत, असे रिओस व रेसिओ यांनी २००५ मध्येच सुचविले होते. छिद्रात भरला जाणारा अर्क पुष्कळदा याच्या कितीतरी पट दाट असतो.

त्याहून मूलभूत प्रश्न ओळखीचा आहे. सह्याद्रीतील 'कुडा' हे एक नाव नव्हे. पांढरा कुडा म्हणजे होलॅऱ्हेना, त्याचे बी कडू इंद्रजव. काळा कुडा म्हणजे रायटिया, त्याचे बी गोड इंद्रजव. बाजारातील सालीत या दोहोंची भेसळ होते. कोनेसाईन हे अल्कलॉइड पांढऱ्या कुड्याचे; साल कोणाची हेच अनिश्चित असेल तर पुढील सारे आकडे निराधार होतात. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम केंद्र १९५५ पासून पुण्यात आहे, आघारकर संस्थेचा वनस्पतिसंग्रहही आहे. अशा शहरातील शोधनिबंधात नमुना-क्रमांक नसावा, हे समर्थनीय नाही.

या पद्धतीची दुसरी बाजू क्वचितच लक्षात घेतली जाते : ती 'निष्प्रभ' ठरविलेल्या वनस्पतींवरही अन्याय करते. दारुहळदीच्याच बर्बेरिस प्रजातीत आढळलेले एक संयुग स्वतः जवळजवळ निष्क्रिय असते; पण स्टॅफिलोकॉकसचा औषध बाहेर फेकणारा पंप ते रोखते आणि बर्बेरीनला प्रभावी करते, हे २००० मध्ये सिद्ध झाले. कोनेसाईन स्युडोमोनासमध्ये असेच कार्य करते, असे थायलंडमधील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखविले. एकट्या अर्काचे वर्तुळ मोजून हे दिसणे शक्य नाही. त्यासाठी अर्क व ज्ञात प्रतिजैविक यांची निरनिराळ्या प्रमाणांत एकत्र चाचणी घ्यावी लागते. तिला ९६ कोठ्यांची थाळी आणि रेझाझुरिन पुरते. जेथे जीवाणू जिवंत राहतात तेथे निळा रंग गुलाबी होतो आणि निकाल नुसत्या डोळ्यांनी वाचता येतो.